स्क्रब केलं की दोन दिवस छान, पुढच्या आठवड्यात पुन्हा पुळ्या

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. कपाळ हाताला खरखरीत लागतं, नाकावर काळे ठिपके, हनुवटीवर बारीक पुळ्या. म्हणून रविवारी स्क्रब केलं. सोमवार-मंगळवार चेहरा गुळगुळीत, आरशासमोर जरा जास्तच वेळ जातो. गुरुवारी जबड्याच्या कडेला एक टचटचीत फोड, शुक्रवारी त्याच्या शेजारी दुसरा. पुढच्या रविवारपर्यंत चेहरा होता तिथेच, फक्त थोडा अधिक लाल. आणि आपण ठरवून टाकतो की स्क्रब कमी पडलं! मग पुढच्या वेळी जोर वाढतो, किंवा आठवड्यातून दोनदा, किंवा जोडीला एखादं ॲसिडचं सीरम येतं.

मी या चक्रात दीडेक वर्ष फिरलो. त्वचा तेलकट, मुरमांची खोड कॉलेजपासूनची, शिवाय जवळपास रोजची दाढी. सुरुवात ताईच्या स्क्रबची डबी ढापण्यापासून झाली आणि शेवट असा झाला की नळाचं साधं पाणी तोंडावर मारलं तरी गालांची आग व्हायची. मुरूम मात्र जागच्या जागी. म्हणून हे सविस्तर लिहितोय. हे डॉक्टरच्या सल्ल्याची जागा घेणार नाही, पण चक्र कुठे अडकलंय ते शोधायला मदत होईल.

मुळात पुन्हा पुन्हा का येतात

मुरूम जिथे सुरू होतो तिथे स्क्रब पोहोचतच नाही, ही साधी गोष्ट मला फार उशिरा कळली. प्रत्येक रोमछिद्र म्हणजे एक बारीक नळी. तिच्या पोटाशी तेलाची ग्रंथी. नळीच्या आतलं अस्तरही त्वचेचंच असतं, त्याच्याही पेशी जुन्या होतात आणि सुटतात. ज्यांना मुरूम येतात त्यांच्या नळीत या पेशी जास्त तयार होतात आणि सुटून बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटून राहतात. तेलात भिजलेला त्यांचा बोळा बसतो. हा बोळा सुरुवातीला इतका बारीक असतो की भिंग लावूनही दिसत नाही. तो दिसण्याजोगा व्हायला कित्येक आठवडे लागतात. म्हणजे गुरुवारी आलेल्या फोडाचा पाया त्या आठवड्यातला नव्हताच, महिना-दोन महिन्यांपूर्वीचा होता. रविवारी मी जे घासून काढलं तो वरचा पापुद्रा होता. खाली रांगेत उभे असलेले बोळे जसेच्या तसे राहिले.

ब्लॅकहेडचा काळा रंगही मळाचा नसतो. नळीचं तोंड उघडं असलं की आतलं तेल आणि मेलॅनिन हवेच्या संपर्कात येऊन गडद होतं. मळ समजून घासत बसलं तर काय होणार, आजूबाजूची कातडी सोलवटते आणि ठिपका हसत तिथेच राहतो.

नाकाबद्दल एक वेगळी सूचना, कारण तिथे सगळ्यात जास्त मेहनत वाया जाते. नाकावर आणि नाकाच्या बाजूला एकसारख्या अंतरावर जे फिकट करडे बारीक ठिपके दिसतात, त्यातले बहुतेक ब्लॅकहेड नसतातच. ती तेल बाहेर आणणारी नेहमीची वाट असते. दाबलं तर पांढुरकी शेवईसारखी तार बाहेर येते, आणि महिनाभरात ती जागा पुन्हा भरते. ती भरणारच. पट्ट्या चिकटवून ओढल्या, घासलं, दाबलं, तरी भरणार. सॅलिसिलिकनं ते थोडे कमी ठळक होतात, एवढंच. मी आता नाकाकडे हातभर अंतरावरून बघतो. इतर सगळेही तेवढ्याच अंतरावरून बघतात.

आता दुसरी बाजू: घासण्यामुळेच येणाऱ्या पुळ्या. १९७५ साली मिल्स आणि क्लिगमन या अमेरिकी संशोधकांनी असे रुग्ण नोंदवले ज्यांचे मुरूम साबणानं वारंवार चेहरा धुण्यामुळे वाढत होते. त्याच वर्षी त्यांनी घर्षणामुळे आणि दाबामुळे भडकणाऱ्या मुरमांवरही लिहिलं. आधीच सुजलेल्या नळीवर बाहेरून घासलं की तिची भिंत आतल्या आत फुटते, आतला ऐवज आजूबाजूच्या त्वचेत पसरतो आणि साध्या पुळीचा दुखरा फोड होतो. सावळ्या किंवा गडद त्वचेत तो फोड गेल्यावर काळपट डाग मागे राहतो, आणि हा डाग पुळीपेक्षा कितीतरी जास्त दिवस मुक्काम करतो.

आधी मोजा: चेहऱ्याला आठवड्यातून किती वेळा सोलता?

हा प्रश्न मला ताईनं विचारला. मी म्हटलं, "दोनदा. रविवारी आणि बुधवारी." ती म्हणाली, "सगळ्या बाटल्या इकडे आण."

बेसिनच्या कडेला ओळीनं मांडल्या आणि मागची बारीक अक्षरं वाचायला लागलो. फेसवॉशमध्ये सॅलिसिलिक ॲसिड. तो सकाळ-संध्याकाळ, म्हणजे आठवड्याला चौदा वेळा. "रोमछिद्रं घट्ट करणारा" म्हणून आणलेल्या टोनरमध्ये ग्लायकॉलिक ॲसिड, रोज रात्री, सात. स्क्रब दोन. आणि मग तिनं माझ्या रेझरकडे बोट दाखवलं. दाढीचं पातं केसांबरोबर वरच्या मृत पेशींचा थरही खरवडून नेतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आठवड्यातून सहा दाढ्या. बेरीज एकोणतीस.

"अरे, फरशी तरी कोणी आठवड्यातून एकोणतीस वेळा घासतं का?" एवढं बोलून ती गेली.

तुम्हीही हे करून बघा, कागदावरच. लेबलवर ज्या नावांकडे लक्ष द्यायचं ती अशी: सॅलिसिलिक, ग्लायकॉलिक, लॅक्टिक, मँडेलिक, ग्लुकोनोलॅक्टोन, फळांची एन्झाइम्स, रेटिनॉल किंवा रेटिनॉइड (व्हिटॅमिन ए च्या कुळातली द्रव्यं). शिवाय फिरता ब्रश, खरखरीत टॉवेल, दाढी, चेहऱ्याचं वॅक्सिंग. बाटलीवर "क्लॅरिफायिंग", "रीसरफेसिंग", "ग्लो" असं काही लिहिलं असेल तर आत बहुधा ॲसिड निघतं.

आवरण बिघडलंय का, ते कसं ओळखायचं

त्वचेचा सगळ्यात वरचा मृत थर कागदापेक्षाही पातळ असतो, पण त्यात चपट्या पेशींच्या पंधरा-वीस रांगा असतात, कौलांसारख्या एकावर एक सरकवलेल्या. मधल्या फटी स्निग्ध द्रव्यानं भरलेल्या. आतलं पाणी आत आणि बाहेरचा त्रास बाहेर ठेवायचं काम हे छप्पर करतं. "मृत पेशी" या शब्दानं आपला गैरसमज होतो. मेलेल्या असल्या तरी त्या कामावर असतात.

कौलं वेळेआधी काढली की लक्षणं दिसायला लागतात. चेहरा धुतल्यावर ओढल्यासारखा होतो. एरवी कधीच न झोंबणारं साधं मॉइश्चरायझर चुरचुरतं. कपाळावर मेणकापडासारखी चकाकी येते, पण बोट लावलं तर तेल नसतं. एकाच वेळी तेलकटपणाही आणि पापुद्रेही. आणि ज्या भागात कधी मुरूम आले नव्हते, उदाहरणार्थ गालाचा वरचा भाग, तिथे बारीक लालसर पुरळ. शेवटचं लक्षण सगळ्यात फसवं, कारण ते बघून माणूस अजून ॲसिड लावतो.

यातली दोन लक्षणं जरी असली तरी सगळं बंद. स्क्रब, ॲसिड, रेटिनॉल, टोनर, ब्रश, व्हिटॅमिन सी, सगळं. (डॉक्टरनी लिहून दिलेलं औषध असेल तर ते मनानं थांबवू नका, त्यांना फोन करून विचारा.) उरलं पाहिजे फक्त तीन गोष्टींचं काम: एक सौम्य फेसवॉश, एक बिनवासाचं मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन. त्वचेचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५च्या आसपास असतो आणि नेहमीच्या साबणवडीचा ९ ते १०, त्यामुळे या काळात साबणवडी चेहऱ्यापासून लांबच ठेवा. पाणी कोमट, धुणं दिवसातून दोनदा पुरे. टॉवेलनं टिपायचं, पुसायचं नाही.

किती दिवस? दोन ते चार आठवडे. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. माझा पहिल्या खेपेला आठव्या दिवशी सुटला. आग थांबली होती, कपाळावर चार व्हाइटहेड दिसत होते, हात शिवशिवले. एकाच रात्री सॅलिसिलिक लावलं आणि सकाळी नाकपुड्यांच्या कडा लालभडक. पुन्हा पहिला दिवस. दुसऱ्या खेपेला मी सगळ्या बाटल्या एका पिशवीत भरून ताईकडे ठेवायला दिल्या, आणि तिनं त्या पंचवीस दिवस परत दिल्या नाहीत. मी दोनदा मागितल्या होत्या.

या काळात काही पुळ्या येतीलच, कारण आत बसलेले जुने बोळे आपापल्या वेळापत्रकानं वर येत असतात. त्यांना हात लावू नका.

हे मुरूमच आहेत ना?

दर वेळी ॲसिड निष्प्रभ ठरत असेल तर आधी शंका निदानावर घ्यायची.

कपाळावर, केसांच्या रेषेलगत, छातीवर किंवा पाठीवर एकाच मापाच्या बारीक पुळ्या, भरपूर खाज, घाम आला की जोर, आणि कुठेही ब्लॅकहेड नाही, असं चित्र असेल तर तो मॅलासेझिया या यीस्टचा त्रास असू शकतो. त्याला बुरशीविरोधी औषध लागतं. तिथे एक्सफोलिएशन, म्हणजे हे सोलणं-घासणं, वाढवून काही हाती लागत नाही. तोंडाभोवती किंवा नाकाच्या कडेला लालसर, किंचित खवले असलेले पुंजके, पण ओठांना लागून एक बारीक पट्टी मोकळी, असं असेल तर तोही वेगळाच प्रकार असतो आणि त्यामागे अनेकदा चेहऱ्याला लावलेलं स्टेरॉइडचं क्रीम निघतं. गोरेपणासाठी किंवा डागांसाठी कोणीतरी सुचवलेलं क्रीम महिनोन्महिने लावत असाल तर त्याचं लेबल आजच वाचा. तिथे स्क्रब किंवा ॲसिड लावणं म्हणजे भाजल्यावर मीठ.

आणि दाढीवाल्यांसाठी: माझ्या जबड्याखालच्या "मुरमां"पैकी निम्मे मुरूम नव्हतेच. ते आत वळलेले केस होते. भिंगाच्या आरशात नीट बघितलं तेव्हा फोडाच्या मधोमध कातडीखाली केसाचं काळं कडं दिसलं, एका टोकानं बाहेर पडून दुसऱ्या टोकानं परत आत घुसलेलं. कातडी ताणून, उलट्या दिशेनं, चार-पाच पात्यांच्या रेझरनं गुळगुळीत दाढी केली की केस त्वचेच्या पातळीखाली कापला जातो आणि वाढताना वाट चुकतो. कुरळ्या केसांना हे जास्त. मी ट्रिमरवर आलो, एखादा मिलिमीटर खुंट राहू देतो. रेझर वापरायचाच तर कोमट पाण्यानं केस मऊ करून, केसांच्या दिशेनं, न ताणता, आणि सुजलेल्या पुळीवरून कधीच नाही. जळजळणारा आफ्टरशेव्ह मी फेकून दिला. तो झोंबतो म्हणजे जंतू मरताहेत, ही समजूत मला कुणी दिली होती देव जाणे. फक्त या एका बदलानं जबड्याखालचा त्रास निम्म्यावर आला, कुठलंही ॲसिड न वाढवता.

मग सुरू काय करायचं, आणि कसं

छप्पर शाकारून झालं की एकच गोष्ट आणायची. मुरूमप्रवण त्वचेसाठी माझं पहिलं मत सॅलिसिलिक ॲसिडला. ते तेलात विरघळतं, त्यामुळे तेलानं भरलेल्या नळीत उतरू शकतं. शिवाय सूज थोडी कमी करतं. विना-प्रिस्क्रिप्शन उत्पादनांत ते साधारण अर्धा ते दोन टक्के असतं. फेसवॉशमधलं सॅलिसिलिक मिनिटभरात धुऊन जातं, म्हणून ते सौम्य. लावून ठेवायचं सीरम किंवा लोशन जास्त काम करतं आणि जास्त त्रासही देऊ शकतं. दोन्ही एकदम नकोत. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर सॅलिसिलिकच्या वाटेला डॉक्टरला विचारल्याशिवाय जाऊ नका.

लावायची रीत: रात्री, चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर, पातळ थर, डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे आणि ओठांच्या कडा सोडून. वरून मॉइश्चरायझर. पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनच रात्री. काही त्रास नसेल तर तीन, मग एक दिवसाआड. पुष्कळांना एक दिवसाआडच्या पुढे जायची गरजच पडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रेझरनं दाढी करायची असेल तर आदल्या रात्री ॲसिड नको, हे मी गालावर दोन लाल पट्टे उठल्यावर शिकलो.

ग्लायकॉलिक, लॅक्टिक, मँडेलिक ही मंडळी पाण्यात विरघळणारी. ती मुख्यतः पृष्ठभागावर काम करतात, पेशींमधली पकड सैल करतात. १९७४ साली व्हॅन स्कॉट आणि यू यांनी त्यांचा उपयोग दाखवला तो खवल्यांसारखी त्वचा होणाऱ्या इक्थिओसिस या आजारात. मुरूम हा त्यांचा पहिला विषयच नव्हता. डाग आणि खरखरीतपणा यांसाठी ती चांगली. ग्लायकॉलिकचा रेणू सगळ्यात छोटा, म्हणून तो झपाट्यानं आत शिरतो आणि झोंबतोही. मँडेलिकचा रेणू त्याच्या दुप्पट वजनाचा, तो सावकाश शिरतो. डाग पटकन उठणाऱ्या त्वचेला मी ग्लायकॉलिकआधी मँडेलिक किंवा लॅक्टिक सुचवेन.

बाटलीवरच्या टक्केवारीवर मात्र भाळू नका. ॲसिडचा जो भाग मुक्त स्वरूपात असतो तोच काम करतो, आणि तो किती असेल हे पीएचवर ठरतं. पीएच ३.८च्या आसपास ग्लायकॉलिकचा निम्मा भाग मुक्त असतो, ५.५ला जेमतेम दोन टक्के. म्हणजे पीएच ३.८ची पाच टक्क्यांची बाटली पीएच ५.५च्या दहा टक्क्यांच्या बाटलीपेक्षा दहा पटींहून जास्त तिखट निघते. "मी तर दहा टक्केही सहज सोसतो" म्हणणारा माणूस दुसऱ्या कंपनीच्या पाच टक्क्यांनी भाजतो तो यामुळे. प्रसाधनांची सुरक्षितता तपासणाऱ्या अमेरिकेतल्या तज्ज्ञमंडळानं नव्वदच्या दशकाच्या अखेरीस या गटातल्या ॲसिडसाठी घरगुती वापराची मर्यादा सुचवली ती दहा टक्क्यांपर्यंत आणि पीएच ३.५च्या खाली नाही. त्यापुढच्या ताकदीची "पील" न्हाणीघरात एकट्यानं, घड्याळ बघत लावायची गोष्ट नव्हे. लिंबाचा रस तर साधारण पीएच २चा, आणि त्यात प्रमाण काय ते कुणालाच माहीत नसतं. तो चेहऱ्याला नको, बेकिंग सोडाही नको.

ही ॲसिडं लावल्यावर ऊन जास्त बाधतं, आणि बंद केल्यावरही साधारण आठवडाभर ते टिकतं. म्हणून किमान एसपीएफ ३० आणि पुरेसं: दोन बोटांच्या लांबीइतकं, चेहरा आणि मान मिळून. डाग जावेत म्हणून ॲसिड आणि सनस्क्रीन नाही, असं चाललं तर डाग गडदच होतात.

तिसरी वाट रेटिनॉइडची, आणि खरं सांगायचं तर मुरमांचं मूळ बोळ्यात असेल तर हीच सगळ्यात थेट. अ‍ॅडापॅलीनसारखं औषध नळीच्या आत पेशी चिकटण्याची प्रक्रियाच सुधारतं, म्हणजे नवे बोळे बसायला अडवतं. अमेरिकेत २०१६पासून अ‍ॅडापॅलीनचं ०.१ टक्का जेल चिठ्ठीशिवाय मिळतं, पण अनेक देशांत त्याला प्रिस्क्रिप्शन लागतं. ते एकेका पुळीवर ठिपका देऊन लावायचं नसतं. वाटाण्याएवढं घेऊन मुरूम येतात त्या सगळ्या भागावर पातळ पसरायचं. गरोदरपणात किंवा तशी तयारी चालू असताना रेटिनॉइड नको. तेव्हा अ‍ॅझेलेइक ॲसिडसारखा पर्याय डॉक्टर देऊ शकतात. आणि रेटिनॉइड सुरू असेल तर सुरुवातीचे महिने सॅलिसिलिक, ग्लायकॉलिक, स्क्रब यांना सुट्टी. ते औषध स्वतःच सोलवटण्याचं काम करत असतं.

बेन्झॉइल पेरॉक्साइड हे जंतूंवरचं औषध. लाल, पिवळ्या तोंडाच्या पुळ्यांना ते उपयोगी. अडीच टक्क्यांचं बहुतेकदा दहा टक्क्यांइतकंच काम करतं आणि त्रास कमी देतं. फक्त ते कापडाचा रंग उडवतं, म्हणून टॉवेल पांढरे वापरा. माझ्या निळ्या उशीच्या अभ्र्यावर गालाच्या आकाराचा फिकट नारिंगी नकाशा अजून आहे.

आणि स्क्रब? सुजलेले मुरूम असताना नाही, कितीही मऊ म्हणून विकलेलं असो. कवचांचा भुगा असलेलं तर मुळीच नाही.

बाहेर पडताहेत की बिघडतंय?

सॅलिसिलिक किंवा रेटिनॉइड सुरू केल्यावर काही आठवडे पुळ्या वाढू शकतात. आत तयार असलेले बोळे लवकर वर येतात. ज्याला "पर्जिंग" म्हणतात ते हेच. पण हा शब्द सोयीचा झाल्यामुळे माणसं भाजलेल्या चेहऱ्यालाही पर्जिंग म्हणून सहन करत बसतात. माझी कसोटी जागेची. नेहमीच्याच जागी पुळ्या, त्या येऊन लवकर जाताहेत, आग नाही, तर थांबून बघा. नव्याच जागी पुरळ, खाज, चुरचुर, पापुद्रे असतील तर तो त्रास आहे, बंद करा. सहा आठवडे झाले तरी वाढच चालू असेल तर पर्जिंग हा शब्द विसरा. आणि नव्या मॉइश्चरायझरनं किंवा सनस्क्रीननं पुळ्या आल्या तर ते पर्जिंग नसतंच. ते उत्पादन तुम्हाला सोसत नाही, एवढाच अर्थ.

फरक दिसायला आठ ते बारा आठवडे धरा. तरुण त्वचेत जुन्या पेशी जाऊन नव्या येण्याचा एक फेरा साधारण चार आठवड्यांचा आणि बोळ्याचं आयुष्य त्याहून मोठं, तेव्हा दहा दिवसांत बाटली बदलणाऱ्याला काहीच कळत नाही. मी पंधरा दिवसांनी एक फोटो काढायचो, त्याच खिडकीशी, सकाळी, चेहरा धुतल्यावर अर्ध्या तासानं. रोज आरशात बघून फरक कळत नाही. दुसऱ्या आणि पाचव्या फोटोत कळला.

तरीही त्याच जागी येत असेल तर

हेल्मेटच्या पट्ट्याखाली येतंय का? फोन टेकतो त्या गालावर? केसांना लावलेलं जेल कपाळावर उतरतं तिथे? मग आधी ते हटवा किंवा धुवा. हनुवटी आणि जबड्यावर महिन्याच्या ठरावीक दिवसांत खोल, दुखऱ्या गाठी येत असतील, पाळी अनियमित असेल, तर तो हार्मोन्सचा प्रश्न असू शकतो. बाहेरून सोलून तो सुटत नाही. गाठी, खड्डे पडायला लागलेले, किंवा तीन महिने नीट पथ्य पाळूनही फरक नाही, यातलं काहीही असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, आणि जाताना त्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या. मुरमांसाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या चालू असतील तर वॅक्सिंग, पील, स्क्रब काहीही त्यांना विचारल्याशिवाय नको.

माझं सध्याचं गणित: सॅलिसिलिक आठवड्यातून दोन रात्री, ट्रिमर, साधा फेसवॉश, सकाळी सनस्क्रीन. महिन्यातून दोन-तीन पुळ्या येतात आणि जातात. हवा कोरडी झाली किंवा गाल ओढायला लागले की एक आठवडा सॅलिसिलिकही बंद. ताईचं स्क्रब परत दिलं नाही, ते आता माझ्या टाचांना असतं.